वरणाचं पाणी नको, वरण द्या: साडेसहा महिन्यांच्या बाळाच्या खाण्याबद्दल

ताई, तुमच्या प्रश्नातून जे कळलं ते असं: बाळ साडेसहा महिन्यांचं आहे, पंधरा दिवस वरणाचं पाणी आणि पेज चालू आहे, सासूबाई दुधात बिस्किट कुस्करून द्या म्हणतात. मैत्रिणीच्या सांगण्यावरून पोळीचा तुकडा हातात दिला, तेव्हा बाळाला उबळ आली आणि तुम्ही घाबरून हातात देणं बंद केलंत. आता चमच्याने भरवावं की हातात द्यावं, आणि पोटात पुरेसं जातंय का, हे तुम्हाला हवंय.

भरवायचंही आणि हातात द्यायचंही, एकाच जेवणात. पण त्याआधी ते पाणी थांबवा, कारण खरी अडचण तिथे आहे.

अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. पोट मात्र वजनाच्या प्रत्येक किलोला सुमारे 30 मिली एवढंच मावून घेतं. सात किलोच्या बाळाचं पोट म्हणजे जेमतेम एक वाटी. ती वाटी वरणाच्या निवळीने भरली तर पोट भरतं आणि पोषण जवळजवळ शून्य. आईच्या 100 मिली दुधात 65-70 कॅलरी असतात, वरणाच्या पाण्यात त्याच्या पावही नसतात. म्हणजे आपण बाळाला दुधापेक्षा हलकं काहीतरी देऊन दुधाची जागा अडवतो. भाताच्या निवळ पेजेचं तेच. डाळ खाली बसते, ती मोठे खातात, वरचं पाणी बाळाला. हे उलटं करायचं.

दुसरं कारण लोहाचं. जन्मतः अंगात साठवलेलं लोह सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतं आणि आईच्या दुधात लोह फारच थोडं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची 67 टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. म्हणून वरचं खाणं सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच डाळ, अंडं, मासे, चिकन यांपैकी काहीतरी रोज ताटात हवं. फक्त सफरचंदाची प्युरी आणि साबुदाण्याची खीर यावर बाळ वाढत नाही. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली देतात. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे विचारा आणि डॉक्टरांना सांगून सुरू करा. ड जीवनसत्त्वाचे थेंब (रोज 400 युनिट) वर्षाचं होईपर्यंत चालू ठेवा.

आता खिमट. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन सावलीत कडकडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा, मिक्सरला रवाळ काढा. अगदी पीठ करू नका. दोन टेबलचमचे भरड आणि 200 मिली गार पाणी आधी कालवून घ्या, मग गॅसवर ठेवा. गरम पाण्यात भरड टाकली की गुठळ्या होतात. आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवा, वरून चमचाभर साजूक तूप. घट्टपणाची परीक्षा सोपी आहे: चमचा तिरका केला तर खिमट लगेच ओघळता कामा नये, गोळा होऊन हळूच घसरलं पाहिजे. भरड डब्यात घट्ट झाकून पंधरा दिवस पुरेल इतकीच करा, पावसाळ्यात त्याहूनही कमी.

फार घट्ट झालं आणि बाळाला गिळवत नसेल तर पाणी वाढवायचा मोह होतो. त्यापेक्षा मोड आणलेल्या नाचणीचं पीठ वापरा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड दिवस ठेवायची, बारीक मोड आले की वाळवून, मुळं चोळून काढून, अगदी हलकी भाजून दळायची. मोड येताना धान्यात पिष्ट (स्टार्च) तोडणारं विकर (एन्झाइम) तयार होतं. उकळी बसलेल्या पण वाफाळत्या खिमटात या पिठाचा अर्धा लहान चमचा घालून ढवळलं, की दोन-तीन मिनिटांत तेच खिमट सैल पडतं. मग पुन्हा एक उकळी द्या. धान्य तेवढंच, पाणी तेवढंच, पण गिळायला सोपं. जास्त भाजलं तर विकर मरतं आणि हा गुण जातो, म्हणून हलकंच. नाचणी फडक्यातून गाळू नका; कोंड्याबरोबर बराच कॅल्शियम निघून जातो. साध्या चाळणीने चाळलं तरी पुरतं.

खिमटाशिवाय घरातलं जेवणच चालतं. कुकरमधला भात आणि घट्ट वरण मीठ आणि फोडणी पडण्याआधी बाजूला काढा, डावाने किंवा हाताने घोटून गुरगुट्या करा. त्यात उकडलेला लाल भोपळा, पालक, शेवग्याच्या शेंगेचा खरवडलेला गर असं काहीतरी मिसळा. शेवटी दोन थेंब लिंबू पिळा. क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागतं. मिक्सर मात्र आठव्या महिन्याच्या पुढे बंद करा. नऊ-दहा महिन्यांपर्यंत ज्यांना गुठळ्या मिळत नाहीत, ती मुलं पुढे चावायला कंटाळतात आणि खाण्याच्या बाबतीत जास्त हट्टी होतात.

प्रमाण: सुरुवातीला एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी (साधारण 125 मिली), दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा, शिवाय मधे एखादं फळ. दूध मागेल तेव्हा चालूच. पाणी जेवताना दोन-चार घोट, उकळून गार केलेलं, वाटीने.

आता हातात द्यायचं. साडेसहा महिन्यांचं बाळ मुठीने धरतं, चिमटीने नाही. म्हणून तुकडा मुठीच्या बाहेर अर्धा दिसला पाहिजे: तुमच्या बोटाएवढा लांब आणि तेवढाच जाड. वाफवलेलं गाजर, रताळं, लाल भोपळा, फरसबी, पिकलेली पपई, आमलेटची पट्टी, तूप लावलेल्या मऊ धिरड्याची पट्टी. कसोटी एकच, अंगठा आणि तर्जनीत दाबल्यावर तुकड्याचा लगदा झाला पाहिजे. केळं सोलून मध्यावर बोट घातलं की उभं तीन भागांत सुटतं, ते हातात चांगलं बसतं. निसटत असेल तर नाचणीच्या भाजलेल्या पिठात घोळवा. नवव्या महिन्याच्या आसपास चिमूट जमायला लागली की वाटाण्याएवढे मऊ तुकडे.

पोळीनेच उबळ का आली? पोळी लाळेत विरघळत नाही, तिचा चिवट गोळा होतो आणि टाळूला चिकटतो. मऊ पावाचंही तसंच. पोळी सध्या वरणात भिजवून, कुस्करून द्या. कोरडा तुकडा वर्षानंतर.

आणि उबळ म्हणजे ठसका लागून गुदमरणं नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. या वयात उबळ येण्याची जागा जिभेवर बरीच पुढे असते. बाळ लाल होतं, जीभ बाहेर काढतं, ओ-ओ करतं, खोकतं, घास पुढे येतो. आवाज आहे तोवर हात घालू नका, घाबरा आवाज काढू नका, पाणी पाजू नका. गुदमरताना आवाज येत नाही: रडणं फुटत नाही, खोकला निघत नाही, ओठ निळसर पडतात. तेव्हा बाळाला आपल्या हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली धरून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा मारा. नाही निघालं तर उताणं करून, स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली छातीच्या हाडावर दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा थापा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. दिसत नसलेला तुकडा बोट घालून शोधू नका, तो आत जातो. बाळ निपचित पडलं तर छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करावं लागतं. ते प्रत्यक्ष शिकून घ्या, आजीलाही शिकवा.

बसवणं याच्याशीच जोडलेलं आहे. मान धरतं, आधाराने सरळ बसतं, तरच हातात द्या. उंच खुर्ची नसली तर जमिनीवर मांडी घालून बाळाची पाठ आपल्या पोटाला टेकवून बसवा. पाळण्यात, आडवं मांडीवर, रडताना, रांगताना, चालत्या गाडीत, मोबाईल लावून अजिबात नाही.

न देण्याचं: शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम अख्खे, चुरमुरे, लाह्या, पॉपकॉर्न, डाळिंबाचे दाणे, कच्चं गाजर, कच्च्या सफरचंदाच्या फोडी. हे चार-पाच वर्षांपर्यंत जपायचं, नुसतं वर्षभर नव्हे. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार भाग करून. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते, ती आणि सीताफळाच्या बिया हाताने चाचपून काढा. माशात पापलेट किंवा मुडदुशी बरी, तरी प्रत्येक घास बोटांनी चोळूनच द्या.

शेंगदाणा आणि अंडं वर्षानंतरच, हा सल्ला जुना झाला. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ नावाच्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना शेंगदाणा लवकर आणि नियमित दिल्यावर त्याची ॲलर्जी कितीतरी कमी झाली. अख्खा दाणा नाहीच. भाजून बारीक केलेलं कूट, पाव लहान चमचा, खिमटात पूर्ण कालवून. अंडं पूर्ण शिजलेलं. अशी नवी गोष्ट एका वेळी एकच, सकाळी, आणि पुढचे दोन तास बाळ नजरेसमोर. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, लागोपाठ उलट्या झाल्या तर थेट डॉक्टर. सोसलं तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदाच देऊन थांबू नका. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सासूबाईंशी बोलताना बिस्किटापेक्षा मधाचा मुद्दा आधी घ्या, कारण तो जास्त गंभीर आहे. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडू शकतात. उकळूनही ते मरत नाहीत. वर्षभर मध नाही, गुटीत नाही, जिभेवर बोटभरही नाही. बिस्किट म्हणजे मैदा, साखर आणि तेल. त्याऐवजी आजीने नाचणी भिजवून मोड आणून द्यावी, ते काम त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. लहान प्रमाणात घरचं दही आत्ताही चालेल. मीठ, साखर, गूळ वर्षापर्यंत नको. गुळात लोह असलं तरी तो साखरच.

तोंड फिरवलं की जेवण संपलं. नाक दाबून, हात धरून भरवू नका. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्यावर रुचते, म्हणून आज थुंकलेला भोपळा चार दिवसांनी परत द्या.

शी बदलेल. केळ्याने काळे धागे, गाजराचे तुकडे तसेच, लोहाच्या सिरपने काळपट, हे सगळं ठीक. खडा झाला तर अर्धकच्चं केळं थांबवा, पपई आणि भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका द्या, तूप वाढवा. शीत रक्त दिसलं, वजन सलग दोन महिने वाढलं नाही, किंवा सातवा महिना भरूनही प्रत्येक घास बाहेर ढकलत असेल, तर बाळाला दाखवा. ताप-जुलाबात खाणं बंद करू नका: दूध जास्त वेळा, खिमट थोडं थोडं पण तेवढंच घट्ट, आणि बरं वाटल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जादा.