केकेचं मरण मुलीच्या माथी कशाला?

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला 64 टक्के पडले, सीईटीही जेमतेम. आता म्हणते, गाणंच करणार. मी तिला केकेचं उदाहरण दिलं. एवढा मोठा गायक, कार्यक्रम करून हॉटेलवर गेला आणि 53व्या वर्षी संपला. तर म्हणते, केके कुठे गाणं शिकला होता? मी तिची बाजाची पेटी माळ्यावर टाकली. या टेन्शनने हल्ली परळचा पूल चढताना माझ्या छातीत जळजळतं, अ‍ॅसिडिटी वाढलीय. तिला रिपीट करायला लावू का? – एक वडील, लालबाग

उत्तर : 64 टक्क्यांचं नंतर बघू. पोरीला गाण्यापासून तोडायला तुम्ही एका माणसाचं मरण पुढे केलंत, ते मला अजिबात पटलं नाही. 31 मे 2022 ला कोलकात्याच्या नझरुल मंचावर केके गायला आणि त्याच रात्री गेला. शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका निघाला. रक्तवाहिन्यांतले अडथळे गाण्याने होत नाहीत हो. असा झटका ऑफिसातल्या खुर्चीतही येतो. म्हणून नोकरी करू नकोस असं तुम्ही तिला सांगाल का? तिला भीती घातलीत आणि वर पेटीही काढून घेतलीत. अशाने मुलं अभ्यासाला लागत नाहीत, घरात बोलायची बंद होतात. पेटी आजच खाली काढा.

आता कन्येचा मुद्दा. केके रीतसर शास्त्रीय संगीत शिकला नव्हता, हे खरं. पण ‘शिकला नाही आणि मोठा झाला’ हा निष्कर्ष साफ चुकीचा. दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजातून तो पदवीधर झाला, काही महिने मार्केटिंगची नोकरी केली, लग्न केलं आणि 1994 मध्ये मुंबईला आला. त्याचं नाव घरोघरी पोचलं 1999 मध्ये, ‘पल’ अल्बम आणि ‘हम दिल दे चुके सनम’मुळे. मधली पाच वर्षं? जाहिराती. एकूण साडेतीन हजार जिंगल्स गायल्याचं सांगतात, अकरा भाषांत. अर्ध्या मिनिटात भाव आणायचा, भाषा आपली नसली तरी उच्चार चोख हवा, आणि स्टुडिओचं भाडं तासावर चालू. ही तालीम कुठल्याही क्लासपेक्षा कडक. रोज दोन तास रियाज होतो का, हे तिला विचारा. होत नसेल तर तिने केकेचं नाव घेऊ नये.

रिपीट नको. बीए किंवा बीकॉमला प्रवेश घ्यावा, सोबत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा विशारदपर्यंत द्याव्यात. मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागातही चौकशी करावी.

खरं तर तुम्ही विचारायला हवं होतं ते वेगळंच. पूल चढताना छातीत जळजळतं, याला अ‍ॅसिडिटी म्हणून सोडू नका. केकेसुद्धा त्रास पचनाचा समजून अँटासिड घ्यायचा, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. केईएम रुग्णालय तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. उद्याच जा. ईसीजी नॉर्मल आला तरी ‘पूल चढताना होतं’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, पुढची तपासणी ते ठरवतील. दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, घाम फुटला, तर उद्याचीही वाट पाहू नका. प्रवेशाचे फॉर्म काय, मुलगी एकटी भरेल.