वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरील सर्च सर्व्हर

प्रश्न : आमच्या डिजिटल ग्रंथसंग्रहात सुमारे चार लाख लेख पोस्टग्रेसच्या डेटाबेसमध्ये आहेत. मजकुरात शब्द शोधायचा झाल्यास उत्तर येण्यास बराच वेळ लागतो. क्लाउडवर स्वतंत्र सर्च सर्व्हर बसवावा का, आणि बसवल्यास तो स्वतः चालवावा की तयार सेवा घ्यावी?

आपला शोध सध्या एसक्यूएलमधील 'लाइक' (LIKE) आणि दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह अशा पद्धतीने चालत असावा. तसे असल्यास डेटाबेस प्रत्येक ओळ उघडून पाहतो आणि त्यामुळे वेळ लागतो. एवढ्या एका कारणासाठी नवा सर्व्हर उभारण्याची घाई करू नये. पोस्टग्रेसमध्ये पूर्ण-मजकूर शोधाची सोय मुळातच आहे, शिवाय ट्रायग्रॅमचे (शब्दांचे तीन-तीन अक्षरी तुकडे करणारे) एक्स्टेन्शन लावून त्यावर जिन (GIN) प्रकारचा इंडेक्स केल्यास आपला जुना 'लाइक'चा प्रश्नही पुष्कळ वेगाने सुटतो. चार लाख लेख ही संख्या त्याला झेपण्यासारखी आहे.

सर्च सर्व्हरची गरज पुढच्या टप्प्यावर भासते. सर्वांत समर्पक लेख वर यावा, वाचकाने शब्द चुकीचा टाइप केला तरी काहीतरी सापडावे, निकालाशेजारी विषयवार व वर्षवार संख्या दिसावी, या अपेक्षा एकत्र आल्या की डेटाबेस अपुरा पडू लागतो. मग निवड बहुधा ल्युसीन या शोधासाठीच्या जावा लायब्ररीवर (तयार प्रोग्रामसंचावर) उभ्या असलेल्या तीन सर्व्हरांतून होते : सोलर, इलॅस्टिकसर्च आणि ओपनसर्च. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीप्रमाणे 'हा शब्द कोणकोणत्या लेखांत आहे' ही नोंद आधीच करून ठेवणे, हे तिघांचेही मूळ काम आहे. सोलर २००६ मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे आले आणि इलॅस्टिकसर्चची पहिली आवृत्ती २०१० मध्ये निघाली. २०२१ च्या आरंभी इलॅस्टिक या कंपनीने इलॅस्टिकसर्चचा परवाना बदलल्यावर ॲमेझॉनने ७.१० या आवृत्तीपासून ओपनसर्च ही वेगळी शाखा काढली, जी आता लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. इलॅस्टिकसर्चनेही २०२४ मध्ये एजीपीएल हा मुक्त परवाना पुन्हा उपलब्ध करून दिला, त्यामुळे आपल्यासारख्या वापरासाठी परवान्याचा प्रश्न आता फारसा अडचणीचा राहिलेला नाही. दोन्ही शाखांची भाषा मात्र हळूहळू दूर जात आहे, म्हणून एकीचे मार्गदर्शन वाचून दुसरी चालवू नये.

स्वतः चालवावा की सेवा घ्यावी, याचे माझे उत्तर एका प्रतिप्रश्नात आहे : रात्री सर्व्हर पडला तर उठून पाहणारी व्यक्ती आपल्याकडे आहे का? नसल्यास तयार सेवा घ्यावी. तिचे मासिक शुल्क त्याच आकाराच्या साध्या मशीनपेक्षा जास्त असते, परंतु अद्ययावत करणे, नोड (सर्व्हरच्या समूहातली एकेक मशीन) बदलणे आणि बॅकअप ही कामे त्यात बहुतांशी येतात. कोणताही मार्ग घेतला तरी एक नियम आताच ठरवून ठेवावा. मूळ लेख पोस्टग्रेसमध्येच राहतील आणि सर्च सर्व्हरमधला इंडेक्स ही त्यांची केव्हाही पुन्हा तयार करता येईल अशी प्रत असेल. 

प्रश्न : १६ जीबी मेमरीच्या मशीनवर इलॅस्टिकसर्च बसवून त्याला १४ जीबी हीप दिली आहे. तरीही शोध मंदच आहे. मेमरी आणखी वाढवावी का?

मेमरी वाढवण्याआधी हीप कमी करावी. हीप म्हणजे जावाच्या प्रक्रियेने स्वतःसाठी राखलेली जागा. परंतु ल्युसीनच्या इंडेक्सच्या फाइली हीपमध्ये वाचल्या जात नाहीत. त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल-कॅशमध्ये राहतात आणि शोधाचा वेग मुख्यतः त्या कॅशवर अवलंबून असतो. आपण १४ जीबी जावाला दिल्यावर कॅशसाठी जेमतेम दीड-दोन जीबी उरले, आणि त्यामुळे बहुतेक शोधांना थेट डिस्कवर जावे लागत आहे. एकूण मेमरीच्या निम्म्याहून अधिक हीप देऊ नये, हा जुना दंडक अजूनही लागू आहे. ७.११ पासून इलॅस्टिकसर्च हीपचा आकार स्वतःच ठरवते, तेव्हा हाताने लिहिलेला आकडा काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय ठरेल. ओपनसर्च वापरणाऱ्यांनी मात्र तो स्वतः लिहावा, आणि किमान व कमाल हे दोन्ही आकडे सारखेच ठेवावेत.

मोठी मशीन घेणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. सुमारे ३२ जीबीच्या खाली हीप असताना जावा प्रत्येक संदर्भ चार बाइटांत साठवते आणि ती सीमा ओलांडताच आठ बाइट लागतात. म्हणून ३४ जीबीच्या हीपमध्ये ३१ जीबीच्या हीपपेक्षाही कमी वस्तू मावण्याची शक्यता असते. त्याच्याही पुढे जायचे असल्यास एक मोठी मशीन घेण्याऐवजी नोड वाढवावेत.

मेमरी नीट लावूनही मंदपणा राहिला तर क्लाउडची मशीन कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. स्वस्त मशीनांपैकी पुष्कळ मशीना 'बर्स्ट' प्रकारच्या असतात. त्यांत प्रोसेसरचा वेग साठवलेल्या क्रेडिटवर चालतो आणि क्रेडिट संपले की तो एकदम खाली येतो. नेटवर्कवरून जोडलेल्या काही डिस्कांचेही तसेच असते. पहिले दोन तास उत्तम आणि मग अचानक मंद, असा अनुभव असल्यास संशयाची सुई आधी तिकडेच वळवावी. मशीनच्या आतली एनव्हीएमई डिस्क फार वेगवान असते, परंतु मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यास तीवरचा डेटा सामान्यतः नाहीसा होतो. रेप्लिका (डेटाची प्रत) दुसऱ्या मशीनवर असल्याशिवाय ती वापरू नये. स्वॅप, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरण्याची सोय, बंद ठेवावा, हेही ओघाने आलेच.

याच वाचकांनी शेवटी विचारले आहे की, बाहेरच्या नेटवर्कचा पत्ता देताच सर्व्हर सुरूच का होत नाही. लूपबॅकखेरीज (मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्याखेरीज) दुसरा पत्ता दिला की इलॅस्टिकसर्च ही खरी वापरातली मांडणी आहे असे धरते आणि सुरू होण्याआधी कडक तपासण्या करते. त्यांत बहुधा लिनक्सची मेमरी-मॅपची मर्यादा आड येते. अनेक वितरणांमध्ये ती ६५,५३० असते आणि सर्व्हरला किमान २,६२,१४४ हवी असते. ती सिस्टिमच्या मांडणीच्या फाइलीत कायमची लिहावी, नाहीतर मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तोच अडथळा परत येईल.

प्रश्न : एके दिवशी शोध व्यवस्थित चालू असताना नवे लेख घेणे सर्व्हरने अचानक बंद केले. इंडेक्स 'केवळ वाचनासाठी' झाल्याचा संदेश येतो. आम्ही कोणतीही मांडणी बदललेली नव्हती.

मांडणी आपण बदलली नसली तरी सर्व्हरने बदलली, कारण डिस्क भरत आली. प्रत्येक नोडच्या डिस्कवर तीन खुणा ठरलेल्या असतात. ८५ टक्के भरल्यावर त्या नोडवर नवे शार्ड (इंडेक्सचे भाग) ठेवणे जवळजवळ थांबते, ९० टक्क्यांवर तिथले शार्ड इतर नोडवर हलवण्याचा प्रयत्न होतो आणि ९५ टक्क्यांवर त्या नोडवर ज्यांचा एखादा तरी शार्ड आहे अशा सर्व इंडेक्सांना लेखनबंदी लागू होते. एकच नोड असल्यास दुसरी खूण निरुपयोगी ठरते, कारण हलवायला जागाच नसते. त्यामुळे पहिला ठळक इशारा हा थेट लेखनबंदीचाच असतो.

अशा वेळी बहुतेक जण जुने लेख एकेक करून हटवू लागतात आणि डिस्क रिकामी होत नाही म्हणून गोंधळतात. ल्युसीनच्या फाइली एकदा लिहिल्या की बदलत नाहीत. हटवलेल्या लेखावर केवळ तशी खूण होते, आणि त्या फाइली पुढे केव्हातरी एकत्र केल्या जातात तेव्हाच जागा सुटते. त्या एकत्रीकरणालाही तात्पुरती जास्तीची जागा लागते. म्हणून नको असलेला संपूर्ण इंडेक्स हटवावा, तिथे जागा तत्काळ मिळते. तसे शक्य नसल्यास क्लाउडच्या नियंत्रण-फलकावरून डिस्क वाढवावी आणि त्यानंतर मशीनच्या आत पार्टिशन व फाइल सिस्टिमही वाढवावी. ही दुसरी पायरी पुष्कळदा विसरली जाते. ७.४ पासून वापर ९० टक्क्यांखाली येताच बंदी आपोआप उठते, त्याआधीच्या आवृत्त्यांत ती हाताने काढावी लागते. नोंदी किंवा लॉग साठवणाऱ्यांनी महिनावार किंवा आठवडावार वेगळे इंडेक्स ठेवावेत, म्हणजे जुने काढून टाकणे एका आज्ञेचे काम होते. आणि डिस्क ७५ टक्के भरताच सूचना येईल अशी व्यवस्था करावी.

प्रश्न : क्लस्टरची (नोडांच्या समूहाची) स्थिती कायम पिवळी दिसते. दुसरा नोड घेतल्यास प्रश्न सुटेल का?

पिवळा रंग जाईल. एका नोडवर रेप्लिका ठेवायला जागा नसते, कारण मूळ शार्ड आणि त्याची प्रत एकाच नोडवर ठेवली जात नाही. डेटा मात्र शाबूत असतो. लाल रंग दिसला तर काळजी करावी, कारण मूळ शार्डच जागेवर नसतो. परंतु नोड पडल्यावरही सेवा चालू राहावी असा हेतू असेल तर दोन नोड पुरत नाहीत. प्रमुख नोड बहुमताने निवडला जातो आणि दोघांतला एक गेल्यावर बहुमत उरत नाही. तीन नोड घ्यावेत, ते वेगवेगळ्या उपलब्धता-क्षेत्रांत (क्लाउडच्या स्वतंत्र डेटा-केंद्रांत) ठेवावेत, आणि तिसऱ्याचा खर्च परवडत नसल्यास डेटा न ठेवणारी, केवळ मतदानापुरती लहान मशीन चालते. शार्डांची संख्या मात्र वाढवू नये. एका शार्डमध्ये १० ते ५० जीबी डेटा असावा असा सर्वसाधारण संकेत आहे आणि आपला सगळा इंडेक्सच त्याहून लहान असेल तर एक शार्ड पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या सर्च सर्व्हरचा ९२०० हा पोर्ट इंटरनेटवर खुला आहे, पण पत्ता कोणालाही दिलेला नाही. धोका कितपत?

हा अंक हाती येण्याआधी तो पोर्ट बंद करावा. पत्ता कोणाला देण्याची गरजच नसते, कारण संपूर्ण इंटरनेटवर उघडे पोर्ट चाळणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. २०२० च्या जुलैमध्ये अशाच पासवर्ड नसलेल्या हजारो डेटाबेसांमधला डेटा एका स्वयंचलित हल्ल्यात पुसला गेला आणि त्याच्या जागी शेवटी 'म्याव' असा शब्द जोडलेली निरर्थक नावे उरली. कोणी खंडणीही मागितली नव्हती. सर्व्हर खाजगी सबनेटमध्ये (बाहेरून न पोहोचता येणाऱ्या नेटवर्कच्या भागात) ठेवावा, त्याच्याशी केवळ आपल्या ॲप्लिकेशनने बोलावे आणि नोडांमधल्या संवादासाठीचा ९३०० हा पोर्टही बाहेरून बंद असावा. आठव्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चमध्ये पासवर्ड आणि एन्क्रिप्शन सुरुवातीपासूनच चालू असते. त्याचा त्रास होतो म्हणून ते बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो मानू नये.

प्रश्न : मराठी मजकुरात 'दऱ्या' शोधल्यावर समुद्राचा 'दर्या' असलेले लेख येतात आणि दऱ्याखोऱ्यांचे काही लेख येतच नाहीत. सर्व्हरला मराठी कळत नाही का?

फारसे कळत नाही, परंतु या विशिष्ट दोषाचे कारण लिपीच्या साठवणुकीत आहे. 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीचा नेहमीचा नॉर्मलायझर (लेखनप्रकार एकसारखे करणारा भाग) अदृश्य चिन्हे काढून टाकतो, त्यामुळे दुसऱ्या प्रकारातला 'दऱ्या' हा 'दर्या' होऊन बसतो आणि पहिल्या प्रकारातला वेगळाच राहतो. नॉर्मलायझरच्या आधी अक्षर-बदलाचे एक फिल्टर बसवून र, हलन्त व जोडचिन्ह या क्रमाच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे, म्हणजे दोन्ही लेखनप्रकार एक होतील आणि समुद्र वेगळा राहील. सर्व्हरच्या 'ॲनालाइझ' या आज्ञेला एखादा शब्द देऊन प्रत्यक्षात काय साठवले जाते ते पाहता येते. अंदाज बांधण्यापेक्षा ते करावे.

विभक्तीचा प्रश्न याहून कठीण आहे. ल्युसीनमध्ये हिंदी व बंगालीसाठी तयार विश्लेषक (शब्दांची मूळ रूपे काढणारे भाग) आहेत, मराठीसाठी नाही, आणि हिंदीचा विश्लेषक मराठीला लावल्यास 'घरांमधून', 'पाण्याला' अशी रूपे हाती लागत नाहीत. शब्दाच्या आरंभीचे तुकडे साठवण्याची युक्ती 'घर'साठी चालते, 'पाणी'साठी नाही. माझ्या मते, आपल्या संग्रहात सर्वाधिक शोधल्या जाणाऱ्या शब्दांची रूपे हाताने जोडणारी यादी करणे हाच सध्या भरवशाचा मार्ग आहे.

यांतला कोणताही बदल जुन्या इंडेक्सला आपोआप लागू होत नाही. नव्या नियमांचा दुसरा इंडेक्स करून त्यात सर्व लेख पुन्हा भरावेत आणि मग इंडेक्सला दिलेले उपनाम (एलियास) जुन्यावरून नव्याकडे एकाच आज्ञेने वळवावे. यासाठी ॲप्लिकेशनमध्ये पहिल्या दिवसापासून इंडेक्सचे खरे नाव न लिहिता उपनामच लिहिलेले असावे.

प्रश्न : डेटाच्या फोल्डरची रोज रात्री प्रत घेतो. बॅकअप म्हणून ती पुरेशी आहे का?

नाही. सर्व्हर चालू असताना फाइली सतत नव्याने लिहिल्या व एकत्र केल्या जात असतात, त्यामुळे अशी प्रत आतून विसंगत निघू शकते आणि ते परत चढवतानाच कळते. सर्व्हरचीच स्नॅपशॉटची सोय वापरून प्रत क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये पाठवावी. पहिल्या वेळेनंतर केवळ नवे तुकडेच जात असल्याने खर्च आटोक्यात राहतो. मोठी आवृत्ती बदलण्याआधी तर ती घ्यावीच, कारण नव्या आवृत्तीने उघडलेला डेटा जुन्या आवृत्तीला पुन्हा वाचता येत नाही. मूळ डेटाबेस सुरक्षित असेल आणि त्यावरून सगळा इंडेक्स काही तासांत पुन्हा भरता येत असेल, तर स्नॅपशॉट ही केवळ वेळेची बचत ठरते. ते 'काही तास' नेमके किती, हे मात्र एका रिकाम्या मशीनवर सगळे लेख एकदा भरून पाहिल्याशिवाय ठरवू नये.