जॉन प्राइन यांना शाहीर म्हणावे का?

अमेरिकी कंट्री-फोक गायक जॉन प्राइन यांच्यावर मराठीत लिहिताना ‘सिंगर-साँगरायटर’साठी ‘शाहीर’ योग्य की ‘गीतकार-गायक’, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘गीतकार’ म्हटले की आपल्याला केवळ शब्द लिहिणारा आठवतो. चाल संगीतकाराची असते. प्राइन यांचे तसे नव्हते. १९४६ साली इलिनॉयमधील मेवूड येथे जन्मलेले प्राइन टपाल वाटत फिरताना मनातल्या मनात गाणी रचत, आणि १९७१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा शब्द, चाल आणि गळा ही तिन्ही त्यांचीच होती.

‘शाहीर’ हा शब्द मला अतिशय प्रिय आहे. त्याचे मूळ अरबी ‘शाइर’, म्हणजे कवी. परंतु मराठीत त्याभोवती डफ, तुणतुणे, झीलकरी आणि समोरचा जमाव असे सारे गोळा झाले. होनाजी बाळा या जोडीत तर होनाजी शिलारखाने रचत आणि बाळा कारंजकर गात. याउलट प्राइन एकट्याने, शेजारी बसून बोलावे तसे गात. आईवडिलांच्या केंटकीतील पॅराडाइज गावाचा परिसर कोळशाच्या खाणींनी ओरबाडला गेला, त्याचे दुःखही त्यांनी मुलाने वडिलांशी बोलावे तसे मांडले. तो पोवाडा होत नाही. ‘लोकगायक’ही नको, कारण लोकगीताचा कर्ता बहुधा अज्ञात असतो.

मला नेमका वाटतो तो ‘वाग्गेयकार’. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात त्याची व्याख्या दिली आहे: ‘वाचं गेयं च कुरुते यः स वाग्गेयकारकः’, म्हणजे जो शब्द आणि चाल दोन्ही करतो तो. आज हा शब्द मुख्यतः कर्नाटक संगीताच्या संदर्भात कानावर येतो. पण ज्या ग्रंथात ही व्याख्या आहे तो आपल्याच मातीत लिहिला गेला, म्हणून तो परका मानू नये.

‘कंट्री’ मात्र तसाच ठेवावा. ते संगीतप्रकाराचे नाव आहे, आणि शिकागोच्या उपनगरात वाढलेल्या माणसाला ‘ग्रामीण गायक’ म्हणणे चुकीचे ठरेल.

वाग्गेयकार स्वतः गातोच असे या व्याख्येत नाही, म्हणून प्रथम उल्लेखात ‘गायक-वाग्गेयकार’ असे लिहावे. प्राइन यांच्या बाबतीत तर ‘गायक’ गाळूच नये: १९९८ मध्ये मानेच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर आवाज खोल आणि खरखरीत झाला, तरी त्यांनी आपलीच जुनी गाणी खालच्या पट्टीत नव्याने बसवली आणि पुढे दोन दशके ती गायली.