पाच वर्षांची लेक, सोबत आजी आणि पहिलाच परदेश प्रवास

ताई, तुम्ही विचारलंय की लेक पाच वर्षांची आहे, सोबत सासूबाई आहेत, घरातलं कुणीच याआधी परदेशी गेलेलं नाही, आणि दसऱ्याच्या सुट्टीत पाच-सहा रात्रींसाठी दुबई, थायलंड की सिंगापूर? मी सिंगापूर म्हणेन. तिन्हींत हॉटेलं तिथली महाग, हे खरं. पण लहान मूल आणि वयस्क माणूस दोघंही सोबत असताना जी दगदग वाचते, तिच्यासाठी एवढे पैसे घालावेत असं माझं मत आहे.

आधी हवामान बघा. ऑक्टोबरात दुबईला दुपारचं ऊन अजून चांगलंच तापलेलं असतं, आणि आपल्या बेळगावच्या थंड हवेत वाढलेली पोरं त्यात लगेच मलूल होतात. दुबईला जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जावं. थायलंडमधल्या फुकेत-क्राबीकडे तेव्हा पावसाळा सरलेला नसतो, समुद्र खवळलेला असला की पाण्यात उतरू देत नाहीत, मग लेकीला किनाऱ्यावर नेऊन काय दाखवणार? सिंगापुरात दमट उकाडा आणि पाऊस बारमाही. तिथे दुपारी सर आली तरी मत्स्यालय, सायन्स सेंटर, गार्डन्स बाय द बेमधले काचेचे थंड घुमट अशी छताखालची ठिकाणं भरपूर आहेत, त्यामुळे दिवस वाया जात नाही.

सुट्टीच्या बाबतीत आपण नशीबवान. महाराष्ट्रातल्या शाळांची मोठी सुट्टी दिवाळीला, आपल्या कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याला. मुंबई-पुण्याची गर्दी दिवाळीत बाहेर पडते, त्याआधीच तुम्ही जाऊन येऊ शकता. घरात घट बसत असतील तर सासूबाईंना नवरात्रात बाहेर काढू नका. शाळेच्या तारखा बघा, जमत असेल तर खंडेनवमी-दसरा घरी करून मग निघा.

आता प्रवास. टूरवाले फक्त विमानातले तास सांगतात. तुम्ही घराच्या उंबऱ्यापासून हॉटेलच्या खोलीपर्यंतचे तास मोजा, कारण लेक तेवढे सगळे तास तुमच्या कडेवर असणार आहे. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, परदेशी थेट विमान नाही. आखातात जायचं असतं तर चोर्ला किंवा आंबोलीमार्गे गोवा सोयीचं पडलं असतं. सिंगापूरला मात्र बेंगळुरूहून जा, तिथून थेट विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं.

सांबरा-बेंगळुरू विमानाने जाणार असाल तर पुढचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये मिळतं का ते आधी बघा. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. मला स्वतःला बेळगावहून बेंगळुरूला जाणारी रात्रीची रेल्वे, राणी चन्नम्मा एक्सप्रेस, जास्त आवडते. मूल रात्रभर आडवं झोपतं. सकाळी बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनला उतरलात तर विमानतळ त्या मानाने जवळ पडतो. दिवसभर नातेवाइकांकडे किंवा एखाद्या खोलीवर विसावा घ्यायचा आणि रात्रीच्या विमानाने निघायचं. गाडीला उशीर झाला तरी हातात अख्खा दिवस असतो.

तिथे गेल्यावर हॉटेल एकच ठेवा. सिंगापूर-मलेशिया एकत्र करणारी पॅकेजं स्वस्त वाटतात, पण दर दोन दिवसांनी बॅगा भरणं आणि पोराला झोपेतून उठवणं यातच सहल संपते. लिटल इंडिया किंवा फॅरर पार्कच्या बाजूला, मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या. इडली, डोसा, भाताची शुद्ध शाकाहारी ताटं खाली उतरलं की मिळतात, म्हणजे सासूबाईंच्या जेवणाची काळजी मिटली. मेट्रोत लिफ्ट असतात, नळाचं पाणी पिता येतं.

घड्याळाची एक गंमत मला फार उपयोगी पडली. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले सकाळचे सात म्हणजे लेकीच्या शरीराला पहाटेचे साडेचार. म्हणून सकाळी आठची बस गाठायला लावणारी सहल घेऊच नका, दहाच्या सुमाराला बाहेर पडा. तेच गणित संध्याकाळी तुमच्या बाजूने येतं. नाइट सफारी सुरू होते तेव्हा तिथे सव्वासात वाजलेले असतात आणि इथे पावणेपाच, त्यामुळे पोरगी टक्क जागी असते. ट्रॅममधून अंधारात प्राणी बघताना आमच्या मुलाने जे डोळे मोठे केले होते, ते तुमच्या लेकीनेही करावेत असं मनापासून वाटतं. एका दिवशी एकच मोठं ठिकाण, आणि मध्ये एखादा दिवस अगदी मोकळा. युनिव्हर्सल स्टुडिओजची तिकिटं मात्र लेकीची उंची मोजल्याशिवाय काढू नका. मोठ्या रोलर कोस्टरना १२० सेंटिमीटरच्या वर उंची लागते, पाच वर्षांचं मूल तेवढं क्वचितच असतं. तिच्यासाठी प्राणिसंग्रहालय आणि तिथली पाण्यात खेळायची जागा कितीतरी जास्त आनंदाची.

खाऊ म्हणून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन्ही टिकतात. खसखस लावलेले अनारसे किंवा खसखशीच्या सारणाच्या करंज्या घरीच ठेवा. दुबईत खसखशीवर बंदी आहे, आणि सिंगापूरही अमली पदार्थांबाबत अतिशय कडक असल्याने मी ती कुठेच नेत नाही. च्युइंग गमही नको. तापाचं औषध हातातल्या बॅगेत असू द्या, बाटली १०० मिलिलिटरच्या आतली, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. विमान उतरताना लेकीचे कान दुखतील, तेव्हा तिला घोट घोट पाणी पाजत राहा.

कागदपत्रांना आजच हात घाला. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो आणि अर्जासोबतच्या जोडपत्र ‘ड’वर (Annexure D) आईवडील दोघांच्या सह्या लागतात. तुम्हा दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं असतील तर लेकीसाठी सहसा पोलीस पडताळणी होत नाही. आपल्या भागात घोटाळा होतो तो नावांचा. सून कोल्हापूर-चंदगडकडची, तिचा आधार माहेरच्या नावाचा, लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आडनावाशिवाय. अर्ज भरण्याआधी चौघांची कागदं शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा आणि जिथे फरक असेल तिथे आधी दुरुस्ती करून घ्या. प्रवासाच्या दिवशी प्रत्येकाच्या पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटांमार्फत होतो. आगमनाचं कार्ड पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतं, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर निघण्याआधी चालू करा.

लेकीची उंची आणि शाळेच्या सुट्टीच्या तारखा कळवा, म्हणजे दिवसांची आखणी मी लिहून देते.