कंसातली कथा

पत्र (थोडक्यात): ताई, मुलीच्या एम.ए.च्या पुस्तकांत शशी देशपांडे यांची ‘दॅट लाँग सायलेन्स’ ही कादंबरी हाती लागली. रात्र जागून वाचली आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. त्यातली जया म्हणजे मीच. लग्नात माझंही नाव बदललं. ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं ते नाव मी इतकी वर्षं वागवतेय. ह्यांनी कशालाच कधी नाही म्हटलेलं नाही, माणूस सज्जन आहे, तरी मी नेमकी कोण हे मला कळेनासं झालंय. काही महिने माहेरी जाऊन एकटी राहू का? जुनं नाव परत घेऊ का? (एका दिवाळी अंकाने कथा मागितली आहे. लिहून झाली, पण ह्यांना वाचून दाखवायची राहिलीय, म्हणून पाठवली नाही. मागे ह्यांच्या सांगण्यावरून एका कथेतली जाऊ मी शेजारीण केली होती, त्याने कथा सुधारलीच.)

उत्तर:

तुझ्या पत्रात तांदळाच्या ताटावर दीड पान आहे, सासूबाईंवर एक पान आहे, जयावर तर भरभरून लिहिलंयस. मी मात्र त्या कंसापाशी थांबले ते थांबलेच.

कथा लिहून झाली आहे. ती संपादकांनी स्वतःहून मागितली आहे. आणि ती खणात पडून आहे, कारण नवऱ्याला ऐकायला सवड मिळाली नाही. हे तू कंसात सांगतेस, दूधवाल्याला निरोप द्यायचा राहिला असं सांगावं तसं! गणपतीच्या सुमारास अंकाची पानं लागायला लागतात, हे तुला माहीत नाही असं नाही. तुझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल आणि तू पुढच्या वर्षी मला लिहिशील की मला कुणी लिहू दिलं नाही.

कथा सुधारली म्हणतेस. मी ती वाचलेली नाही, तरी ठामपणे सांगते, सुधारली नाही. जाऊ आणि शेजारीण यांत काय फरक आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? शेजारीण भांडण झालं की आपल्या घरी जाऊन दार लावून घेते. जावेला तसं जाता येत नाही. रात्री शब्दाने शब्द वाढला, तरी सकाळी त्याच ओट्याशी दोघींना उभं राहावं लागतं, एकीने कणीक मळायची, दुसरीने पोळ्या लाटायच्या, आणि मध्ये कुणी चहा मागायला आलं की दोघींनी हसायचं. कथेतला सगळा पेच तिथे होता. तो तू स्वतःच्या हाताने काढलास, आणि घरातल्यांना अवघड वाटेल असं काही उरलं नाही म्हणून नवऱ्याला कथा बरी वाटली.

आता कादंबरीकडे येऊ. तुला नाव बदलल्याचा भाग लागला. लागणारच. वडिलांनी ‘जया’ नाव ठेवलं, विजय मिळवणारी म्हणून, आणि लग्नात तिची ‘सुहासिनी’ झाली. रामूकाकाने कौतुकाने दाखवलेल्या वंशवृक्षात तिला स्वतःचं नाव सापडत नाही, तेव्हा काका म्हणतो, तू आता नवऱ्याच्या, मोहनच्या घरची. तो प्रसंग मीही विसरलेले नाही. पण या पुस्तकाचं मर्म मला दुसरीकडे दिसतं. जयाच्या एका कथेला बक्षीस मिळतं. त्या कथेतल्या पुरुषाला बायकोपर्यंत शरीरापलीकडे पोचताच येत नाही. मोहन ती वाचून दुखावतो. ओरडत नाही, बंदी घालत नाही. त्याला एवढंच वाटतं की ओळखीचे लोक वाचतील आणि म्हणतील, हे दोघं म्हणजे हेच. तेवढं पुरतं. जया तसं लिहिणं सोडते आणि ‘सीता’ या नावाने कुणालाही न बोचणारं सदर चालवते.

वरच्या मजल्यावरचा कामत मात्र तिला सोडत नाही. बायका म्हणजे बळी, या समजुतीपासून सांभाळ, नाहीतर स्वतःची कीव करण्यात रुतून बसशील, स्वतःला गांभीर्याने घे, असं तो सुनावतो. लिहायला आणि अपयशाला घाबरतेस, हेही तोंडावर सांगतो. पुढे एकटी बसून मागचं आठवताना जयाला कबूल करावं लागतं की सगळं मोहनच्या माथी मारून चालणार नाही. तुझ्या पत्रात मोहन आहे, सासू आहे, ताट आहे. कामत कुठेच नाही. त्याची पानं तू भराभर उलटलीस असं मला वाटतं.

सज्जन नवऱ्याचं म्हणशील, तर सज्जनपणा इथे फारसा कामाला येत नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवलं, त्यासाठी घरातल्या बायकांचा रोष ओढवून घेतला. रेव्हरंड टिळकांनी लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला प्रोत्साहन दिलं. तरी रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ 1910 साली आलं, न्यायमूर्ती 1901 मध्ये गेल्यानंतर. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 चा, टिळक गेले 1919 मध्ये. दोघींची कारणं वेगळी असतील, काळ तर वेगळा होताच. पण या तारखा शेजारी शेजारी दिसतात तेव्हा माझ्या पोटात कालवतं. वाचून दाखवायला समोर कुणी उरलं नाही, तेव्हा ही पुस्तकं झाली. तू तेवढी वाट बघणार आहेस का?

तुझ्या नवऱ्याची बाजू मी मांडणार नाही. त्याने नाही म्हटलं नसेल, पण प्रत्येक कथा आधी त्याच्यापुढे येते हे त्याला इतक्या वर्षांत एकदाही खटकलं नाही. ‘माझ्यासाठी थांबू नकोस, पाठवून दे’ असं म्हणायला त्याला सवड लागत नव्हती. तरीही हा पायंडा त्याने पाडलेला नाही, तू पाडलास. तो मोडायला त्याची परवानगी कशाला हवी? मोडणार असल्याची आगाऊ सूचनाही द्यायची नाही.

माहेरी जाऊ नकोस. तिथे तुझी वहिनी आहे, तिचा ओटा आहे. आठ दिवसांत तू पाहुणी होशील आणि पंधराव्या दिवशी कथा भावाला वाचून दाखवशील. तुझी मला हीच भीती वाटते.

जेवणं झाली की खणातून ती कथा काढ. एकदा वाच, मनातल्या मनात नव्हे, मोठ्याने, दार लावून, एकटीसाठी. वाचताना जिथे ‘हे काय म्हणतील’ असं येऊन आवाज अडखळेल, ते वाक्य तसंच ठेव. फक्त शुद्धलेखन बघ. मग संपादकांना पाठवून दे. उशिराबद्दल एक ओळ पुरे, कारणं देत बसू नकोस. नवऱ्याने विचारलं तर ‘पाठवली’ म्हण. अंक आला की बाकीचे वाचक वाचतील तशी तोही वाचेल. दुखावला तर दुखावू दे. त्याचं दुखणं बरं करायला तू पुढची कथा बदलायची नाहीस, एवढं मला वचन दे.

आणि नाव. कथेवर माहेरचं घालू की सासरचं, हा तुझा प्रश्न मी टाळत नाही. त्यावर सावकाश विचार कर. पानं छपाईला जाईपर्यंत नाव फोनवरही कळवता येतं. कथा मात्र आज गेली पाहिजे.