हवा, हवामान, वातावरण: कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आहे: ‘उद्याचं हवामान’ एका दिवसाचं असतं आणि ‘हवामान बदल’ मात्र कित्येक दशकांचा. मग दोन्हीकडे एकच शब्द कसा? आणि ‘उद्या वातावरण ढगाळ राहील’ हे वाक्य बरोबर की चूक?

शाळेच्या भूगोलात याचं उत्तर होतं, ते आपण विसरलो. एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी वातावरणाची जी स्थिती असते ती ‘हवा’. तापमान, वायुदाब, वारे, आर्द्रता ही तिची अंगं. त्याच स्थितीची वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून निघणारी सरासरी म्हणजे ‘हवामान’. जागतिक हवामान संघटना त्यासाठी साधारणपणे ३० वर्षांचा काळ धरते. सध्या तुलनेला १९९१ ते २०२० हा काळ घेतात.

‘हवामान’ शब्दातला ‘मान’ पाहा. तापमान, पर्जन्यमान, राहणीमान यांतही तोच आहे. मान म्हणजे माप, प्रमाण. राहणीमान जसं एका दिवसाच्या खर्चावरून ठरत नाही, तसं हवामान एका सरीवरून ठरत नाही. ‘हवा’ मूळची अरबी, ‘मान’ संस्कृत. असा जोड किती सहज बसला आहे! (अरबी ‘मौसिम’पासून आलेला ‘मोसम’ हिंदीत ‘मौसम’ होऊन रोजच्या हवेलाही चालतो. मराठीत तो ऋतूपाशीच राहिला, म्हणून आपले ‘मोसमी वारे’.)

पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं तरी बोलीत हा भेद शाबूत आहे, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. ‘आज हवा कुंद आहे’, ‘सकाळपासून हवा पावसाळी आहे’, ‘दुपारनंतर हवा पालटली’. या वाक्यांत ‘हवामान’ घालून पाहा, जीभ अडखळते. उलट ‘तिथलं हवामान कोरडं आहे’ म्हटलं की कोणी ‘आज का?’ असं विचारत नाही. ‘आज’, ‘सकाळपासून’ हे हवेचे सोबती. ‘तिथलं’, ‘त्या भागातलं’ हे हवामानाचे. शंका आली की मी हीच कसोटी लावतो. आणि ‘तिथलं हवापाणी मानवलं’ म्हणणारा माणूस हवामानाबद्दलच बोलत असतो, फक्त त्याचा शब्द जुना आणि जास्त गोड आहे.

मग ‘उद्याचं हवामान’ रूढ का झालं? माझ्या मते दोष ‘हवा’ शब्दावरच्या ओझ्याचा आहे. श्वासात जाते तीही हवा, अंगाला लागते तीही हवा, आणि दिवसाची स्थिती तीही हवा. ‘उद्या हवा स्वच्छ राहील’ याचा अर्थ आकाश निरभ्र राहील की धूर-धूळ नसेल? अंदाज सांगणाऱ्याला असा संदिग्धपणा परवडत नाही, म्हणून त्याने ‘हवामान’ जवळ केलं. ‘हवामान अंदाज’ आता इतका रुळला आहे की त्याला चूक म्हणणं मला पटत नाही. पण एक पाऊस अवेळी आला म्हणून ‘हवामान बदललं’ असं लिहिलं जातं, तिथे मी थांबतो. त्या दिवशी हवा बदलली. हवामान बदललं की नाही, हे अनेक वर्षांच्या नोंदी सांगतील.

आता ‘वातावरण’. वात अधिक आवरण: पृथ्वीभोवतीचं वायूंचं वेष्टन. कोरड्या हवेचा हिशेब केला तर सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन, बाकी सगळं उरलेल्या एका टक्क्यात. म्हणजे वातावरण ही वस्तू आहे, आणि हवा ही तिची त्या त्या वेळची अवस्था.

सरकारी मराठीत ‘वातावरणीय बदल’ असा शब्द हवामान बदलासाठी वापरतात. तो मला खटकतो, कारण त्यात कारण आणि परिणाम एक होऊन जातात. औद्योगिक युगापूर्वी वातावरणात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. हा वातावरणातला बदल. त्यामुळे जास्त उष्णता अडकून राहते, सरासरी तापमान चढतं, पावसाची रीत बदलते, तो हवामानातला बदल. एकातून दुसरा कसा होतो हे समजावून सांगायचं तर दोन वेगळे शब्द हाताशी हवेतच, आणि सुदैवाने मराठीत ते आहेत.

राहिलं ‘वातावरण ढगाळ राहील’. हे आवरण शेकडो किलोमीटर उंच आहे, आणि ढग जवळजवळ सगळे त्याच्या सर्वांत खालच्या थरात, तपांबरात असतात. त्याची उंची ध्रुवांपाशी ८ किलोमीटरच्या आसपास, विषुववृत्तावर १६ ते १८. सगळं वेष्टन काही ढगाळत नाही. ‘आकाश ढगाळ राहील’ लिहा. बोलताना ‘मळभ राहील’ म्हटलंत तर आणखी छान, कारण त्या एका शब्दात ढगही आले आणि मंदावलेला उजेडही आला.