मार्चचाच आकडा एवढा कसा फुगला?

प्रश्न: आमच्या ऑर्डरच्या टेबलात २०२२ पासून २०२४ पर्यंतचा डेटा आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. महिन्यावार बेरीज हवी होती म्हणून तारखेतून महिना काढणारं मंथ फंक्शन लावून ग्रुप बाय केलं (म्हणजे सारख्या महिन्याच्या ओळींचे गट पाडले), तर मार्चची बेरीज अपेक्षेच्या जवळजवळ तिप्पट येतेय. शिवाय फक्त २०२४ च्या ऑर्डरी हव्यात म्हणून व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळायच्या अटीत, इयर फंक्शन टाकलं तर क्वेरी अगदी रांगत चालते, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स असूनही. काय चुकतंय?

उत्तर: पहिलं सोपं आहे. मंथ फंक्शन फक्त ३ हा आकडा देतं, कुठल्या वर्षातला मार्च ते त्याला काय माहीत, त्यामुळे तिन्ही वर्षांचे मार्च एकाच ढिगात पडले. ग्रुप बायमध्ये वर्ष आणि महिना दोन्ही घाला, झालं.

दुसऱ्यात मात्र जवळपास सगळेच एकदा तरी फसतात, मीपण फसलोय. इंडेक्स म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची, आणि ती असते पूर्ण तारखांची, क्रमाने लावलेली. तुम्ही कॉलमला इयर फंक्शनमध्ये गुंडाळलं की तो क्रम वापरता येत नाही, मग डेटाबेस बिचारा एकेक ओळ उचलून तिचं वर्ष काढतो आणि २०२४ शी ताडून बघतो. त्यापेक्षा कॉलम उघडाच ठेवा आणि अट अशी लिहा की तारीख १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतरची पण १ जानेवारी २०२५ च्या आधीची. बिटवीन (अमुक ते तमुक अशी अट) लावून शेवटची तारीख ३१ डिसेंबर लिहायचा मोह होतो, पण कॉलममध्ये वेळपण असेल तर ३१ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीनंतरच्या, म्हणजे त्या दिवसभराच्या, सगळ्या ऑर्डरी गायब होतात आणि कुणाच्या लक्षातपण येत नाही. फंक्शनं सिलेक्ट आणि ग्रुप बायमध्ये खुशाल वापरा, व्हेअरमध्ये रेंजच बरी.

उद्या डेटाबेस बदलला तर फंक्शनंही बदलतात बरं का. तारखेतून वर्ष किंवा महिना काढणारं एक्स्ट्रॅक्ट हे एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या स्टँडर्डमधलं, ते मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल तिघांत चालतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला त्याच कामासाठी डेटपार्ट लागतं. एसक्यूलाइटमध्ये एसटीआरएफटाइमने महिना काढला तर तो '०३' असा मजकूर म्हणून येतो, त्याची नुसत्या ३ या आकड्याशी तुलना केलीत तर एकही ओळ मिळणार नाही आणि एररही येणार नाही, म्हणजे डोक्याला ताप.

आणि वार काढायची वेळ आली तर आधी डॉक्युमेंटेशन उघडा, कारण तुमच्याच मायएसक्यूएलमध्ये डेऑफवीक रविवारला १ म्हणतं आणि वीकडे सोमवारला ०. आठवड्याचा नंबर तर त्याहून वात्रट, आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या हिशेबाने ३० डिसेंबर २०२४ हा २०२५ च्या पहिल्या आठवड्यात जातो, त्यामुळे आठवड्यावार रिपोर्ट करताना इयरने काढलेलं वर्ष त्याच्या शेजारी लावू नका. मायएसक्यूएलमध्ये इयरवीक फंक्शनला मोड ३, म्हणजे आयएसओचा हिशेब, दिला की वर्ष आणि आठवडा दोन्ही जोडीने मिळतात.